शेप-वन जवानाचं पोट

फौजेत पोटदुखीला प्रतिष्ठा नाही. गोळी लागलेला माणूस शूर, गुडघा सुजलेला कष्टाळू आणि सकाळच्या सिक रिपोर्टला पोटावर हात ठेवून उभा राहिलेला कामचुकार, असा तिथला साधा हिशेब. कंपनी हवालदार मेजरची ती नजर झेलण्यापेक्षा पोटातली आग परवडली, असं म्हणून कित्येक जण येतच नाहीत. मी आधी एका मराठा पलटणीचा आरएमओ होतो, म्हणजे पलटणीबरोबर राहणारा आणि तिच्याबरोबर हलणारा डॉक्टर. पुढे मेडिसिनमध्ये एमडी करून लष्करी रुग्णालयांत एंडोस्कोप हातात घेतला. त्यामुळे जवानाचं पोट आधी बाहेरून दाबून पाहिलं आणि मग आतून, दुर्बिणीतून. दोन्हीकडून जे दिसलं ते एकमेकांशी जुळवायला नोकरीची बरीच वर्षं गेली.

पलटणीची एमआय रूम म्हणजे दोन खाटा, एक टेबल, वजनकाटा, औषधांचं कपाट आणि सगळ्यांना ओळखणारा नर्सिंग असिस्टंट. त्या कपाटात सगळ्यात आधी तळ दिसायचा तो अँटासिडच्या गुलाबी गोळ्यांच्या डब्याचा. जवान त्या चघळत परेडला जायचे, आणि सुट्टीवर निघताना ‘सायेब, आईला पण पित्ताचा त्रास हाय,’ म्हणून मूठभर मागून न्यायचे. हे वाक्य लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

रूट मार्चच्या आदल्या दिवशी उठणारी पोटदुखी निराळी ओळखू येते. ज्याचं खरंच दुखत असायचं तो वेळ सांगायचा. ‘रात्री दोनला जाग येती बगा. आतून पोखरल्यागत होतंय. चपातीचा तुकडा खाल्ला की निवतं.’ उत्तररात्री उठवणारी आणि खाल्ल्यावर थांबणारी वेदना ही ड्युओडिनल अल्सरची, म्हणजे जठराच्या लगेच पुढे आतड्यात पडणाऱ्या व्रणाची, पुस्तकात दिलेली खूण. ज्यांची संत्रीची पाळी दोन ते चारची असायची, त्यांतले काही जण बिस्किटाचा पुडा खिशात घालूनच पहाऱ्याला उभे राहायचे. सुभेदार साहेबांना वाटायचं, खादाड आहेत.

पुण्याच्या एएफएमसीत शिकत असताना आम्हाला अल्सरचं कारण दोन शब्दांत सांगितलं गेलं होतं: आम्ल आणि ताण. आम्ल नाही तर अल्सर नाही, हे सूत्र १९१० सालापासून चालत आलेलं. उपायही त्याच वळणाचे. दूध, फिकं जेवण, रॅनिटिडीन, आणि एवढ्यानेही भागलं नाही तर शस्त्रक्रिया. सर्जिकल वॉर्डात पोटावर उभा व्रण घेऊन बसलेले तिशीतले हवालदार तेव्हा सहज दिसत. जठराकडे जाणारी मज्जातंतूची शाखा कापून आम्ल कमी करायचं, अशी ती शस्त्रक्रिया. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला ब्रिटिश सैन्याच्या डॉक्टरांना अपचन आणि अल्सरने असंच हैराण केलं होतं. तिथेही बोट दाखवलं गेलं ते शिबिरातल्या तळकट जेवणाकडे आणि युद्धाच्या काळजीकडे.

तिकडे ऑस्ट्रेलियात पर्थला रॉबिन वॉरेन नावाचा पॅथॉलॉजिस्ट जठराच्या तुकड्यांमध्ये वळणदार जंतू पाहत होता आणि बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर ते वाढवायचा प्रयत्न करत होता. १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीमुळे प्रयोगशाळेतल्या बशा नेहमीपेक्षा जास्त दिवस उबवणीत राहिल्या आणि जंतू उगवले. इतक्या तीव्र आम्लात जंतू जगतील यावर कोणी विश्वास ठेवेना, म्हणून १९८४ मध्ये मार्शलने ते जंतू स्वतः प्यायले आणि जठराला सूज आणून दाखवली. १९९४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञांनी अल्सरला प्रतिजैविकं द्या असं स्पष्ट सांगितलं. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या जंतूला, हेलिकोबॅक्टर पायलोरीला, कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं. दोघांना नोबेल मिळालं ते २००५ मध्ये. आमच्या एमआय रूममध्ये मात्र गुलाबी गोळ्या चालूच होत्या, आणि त्यात कोणाचा दोष होता असंही नाही. नवं ज्ञान दिल्लीहून चौकीपर्यंत पोचायला रेशनपेक्षा जास्त वेळ लागतो.

मी एंडोस्कोपी करू लागलो तेव्हा जठराचा चिमटीएवढा तुकडा काढून युरियाच्या जेलीत टाकायचो. हा जंतू युरिएज नावाचं विकर तयार करतो, त्याने युरिया फोडून स्वतःभोवती अमोनिया करतो आणि त्या आडोशाने आम्लात तग धरतो. चाचणीत त्याच अमोनियाने पिवळी जेली गुलाबी होते. कधी दहा मिनिटांत, कधी काही तासांनी. बाहेर बाकावर बसलेला जवान मला एकच विचारायचा: ‘साहेब, हे लागलं कुठून?’

या प्रश्नाला फौजेत प्रत्येकाचं ठरलेलं उत्तर असतं. जवान म्हणतो, लंगरची मिरची. सुभेदार साहेब म्हणतात, तंबाखू. तरुण अधिकारी म्हणतो, टेन्शन. लंगरच्या आचाऱ्याला विचारलं तर तो म्हणेल, रम. यातलं काहीच अगदी खोटं नाही. तंबाखूने अल्सर भरून यायला उशीर लागतो, मिरचीने आधीच सुजलेलं जठर चुरचुरतं. पण जंतू यातल्या कशातूनच येत नाही.

तो बहुतेकांना भरती होण्याच्या कितीतरी आधी, लहानपणीच लागलेला असतो. १९९२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ब्रिटनमधला एक अभ्यास आला होता. प्रौढांच्या रक्तात या जंतूच्या खुणा शोधल्या आणि त्यांच्या बालपणाची चौकशी केली. ज्यांच्या लहानपणी घरात माणसं दाटीने राहत आणि गरम पाण्याचा नळ नव्हता, त्यांच्यात संसर्ग जास्त निघाला. त्याच्या आदल्या वर्षी पेरूमधल्या लिमातल्या मुलांबद्दलच्या अभ्यासाने पिण्याच्या पाण्याकडे बोट दाखवलं होतं. अमेरिकी लष्कराने आपले नवे रंगरूट तपासले तेव्हा साधारण चौथा हिस्सा आधीच बाधित निघाला. म्हणजे अजून बूट नीट बांधता येत नाहीत अशी पोरं जंतू घेऊनच फाटकातून आत आली होती. आपल्याकडे हा आकडा याहून खूप मोठा असतो.

मला हे वाचून समजायच्या आधी पाहून माहीत होतं, कारण मी या जवानांच्याच भागातला. माण-खटावच्या वाडीत टँकर येतो तो विहिरीत ओतला जातो आणि मग विहिरीतून घागरी भरल्या जातात. माठात बुडवायला एकच तांब्या, त्यात सगळ्यांचे हात. रात्री एका गोधडीखाली ओळीने चार-पाच पोरं. आजी घास चावून मऊ करून धाकट्याला भरवते. आईला ‘पित्त’ आहे, ती रोज सकाळी आंबट पाणी उलटून टाकते आणि तेच हात धुऊन, किंवा न धुता, पोराला भाकर कुस्करून देते. जंतू जठरातून तोंडात येतो, विष्ठेतूनही बाहेर पडतो, आणि एका घरातल्या माणसांत बहुधा एकाच कुळीचा सापडतो. सुट्टीवर जाताना आईसाठी गोळ्या मागणारा जवान आपल्या आजाराची वंशावळच मला सांगत होता.

मग फौजेचा यात काय वाटा? कागदावर जोखमीचे घटक लिहायचे तर वय, बालपणीची गरिबी, भावंडांची संख्या, पाणी, संडास एवढं लिहून मोकळं होता येतं, आणि बरेच अभ्यास तेवढ्यावर थांबतात. पण गणवेश चढल्यावर काही गोष्टींची भर पडते. पाणबुडीवरच्या जर्मन नौसैनिकांमध्ये हा संसर्ग हवाई दलातल्या लोकांपेक्षा जास्त आढळला होता. अंग चोरून राहायची जागा, आळीपाळीने वापरायच्या खाटा, एकच हवा. १९९०-९१ च्या आखाती युद्धात गेलेल्या अमेरिकी सैनिकांच्या जाण्याआधीच्या आणि परतल्यानंतरच्या रक्ताच्या नमुन्यांत फरक दिसला. काही जण जाताना कोरे होते, येताना नव्हते. तेव्हा मोठेपणी संसर्ग होतच नाही असं नाही. होतो कमी, पण छावणीत त्याला वाट मिळते.

त्या वाटांमधली पहिली पाणी. फौजेची पाणी शुद्ध करायची पद्धत नागरी जीवनातल्या कित्येक नगरपालिकांपेक्षा काटेकोर आहे हे मी कुठेही सांगेन. आमच्याकडे हॉरॉक्सची पेटी असायची. ब्रिटिश लष्करातल्या विल्यम हॉरॉक्स या डॉक्टरने बनवलेली ही पद्धत अजूनही तशीच शिकवतात. पेटीत सहा पांढरे पेले, एक काळा पेला आणि दोन ग्रॅमचा चमचा. काळ्या पेल्यात चमचाभर ब्लीचिंग पावडर कालवायची. पांढऱ्या पेल्यांत तपासायचं पाणी भरायचं आणि पहिल्यात त्या कालवणाचा एक थेंब, दुसऱ्यात दोन, असं सहापर्यंत जायचं. अर्धा तास थांबून प्रत्येकात स्टार्च-आयोडाइडचे थेंब टाकायचे. ज्या पेल्यापासून निळा रंग उमटायला लागतो तो मोजायचा. तिसऱ्यात उमटला तर ४५५ लिटर पाण्याला तीन चमचे, म्हणजे सहा ग्रॅम. पावसाळ्यात नाल्याचं पाणी गढूळ झालं की निळा रंग पाचव्या-सहाव्या पेल्यापर्यंत सरकायचा. नव्या जवानांना हे करून दाखवताना ते जादूचा खेळ पाहावा तसे पाहायचे. क्लोरिनने हा जंतू सहज मरतो.

अडचण पेटीत नव्हतीच. अडचण होती चवीची. टँकरचं पाणी ‘औषधाचं’ लागतं आणि झऱ्याचं गोड. गस्तीवर निघालेली तुकडी छावणीतून बाटल्या भरून निघायची आणि पहिल्या झऱ्यापाशी त्या ओतून पुन्हा भरायची. मी स्वतः एका गस्तीबरोबर गेलो तेव्हा हे पाहिलं. नायकाने मोठ्या आदराने आधी माझी बाटली भरली. ‘साहेब, हे पिऊन बघा, हे खरं पाणी.’ वरच्या अंगाला धनगरांच्या मेंढ्या आणि त्यांचा तळ दिसत होता. त्याला ते दाखवलं, तर तो म्हणाला, वाहतं पाणी कधी बाटत नाही. ही श्रद्धा त्याला फौजेने दिली नव्हती. ती तो घरून घेऊन आला होता, जंतूसारखीच.

लडाखमधल्या उंच चौक्यांवर तर झराही नसतो. तिथे पाणी म्हणजे बर्फ. रॉकेलच्या स्टोव्हवर डबा ठेवायचा आणि फावड्याने बर्फ घालत राहायचं. डबाभर बर्फातून पाणी निघतं ते थोडंसं, म्हणून पाण्याला रॉकेलइतकी किंमत आणि रॉकेलचाच वास. सतरा हजार फुटांवर पाणी सुमारे ८३ अंशांना उकळतं. त्यावर डाळ शिजत नाही, प्रेशर कुकर लागतो, पण जंतू मरायला तेवढी धग पुरते. मात्र डबा उकळेपर्यंत वाट कोण पाहतो? बर्फ विरघळलं की मग्गा बुडतो. आणि बर्फ आणायचं कुठून, हाही नाजूक प्रश्न. अंधारात, वाऱ्यात, एका दोरीच्या अंतरात जेवढी जागा मिळते तेवढ्यातच संडास आणि तेवढ्यातच पाण्याचं बर्फ. थंडीत घाण कुजत नाही, ती जपून ठेवली जाते. मागच्या पलटणीने कुठे काय टाकलं ते नव्या पलटणीला उन्हाळ्यात कळतं. म्हणून चौकीचा ताबा घेताना दारूगोळ्याच्या यादीबरोबर संडासाच्या जुन्या जागांचीही माहिती घ्या, असं मी प्रत्येक पोस्ट कमांडरला सांगायचो. बहुतेक हसायचे. एकाने खरोखरच बांबू रोवून त्यावर चिंध्या बांधल्या होत्या. तो पुढे फार चांगला कंपनी कमांडर झाला असं ऐकलं, आणि मला त्याचं नवल वाटलं नाही.

तरीही पाणी आणि दाटी यांपेक्षा मला जास्त धास्ती वाटायची ती खिशातल्या गोळीची.

जवान वेदनाशामक गोळ्या किती खातो याची कल्पना बाहेरच्या लोकांना नाही. बीपीईटीची, म्हणजे लष्करी शारीरिक क्षमता चाचणीची, पाच किलोमीटरची दौड आहे, पाठीवर पिठ्ठू आहे, हातात रायफल आहे, गुडघा सुजलाय. नापास झालं तर शेरा. मग पहाटे चारला रिकाम्या पोटी काळा चहा आणि एक ब्रुफेन. दौड झाल्यावर आणखी एक. कंबर दुखते म्हणून संध्याकाळी डायक्लोफेनॅक. या गोळ्या एमआय रूममधूनही मिळतात, कॅन्टीनबाहेरच्या दुकानातही मिळतात आणि सगळ्यात जास्त मिळतात शेजारच्या खाटेवरच्या दोस्ताकडून. नुसता जंतू असलेल्या माणसांपैकी जन्मभरात साधारण दहा ते वीस टक्क्यांना अल्सर होतो, बाकीचे काहीही न कळता जगून जातात. वेदनाशामक गोळी मात्र जठराच्या अस्तराचं संरक्षक आवरण काढून घेते. जंतू आणि गोळी एकत्र आले की रक्तस्रावाचा धोका दोघांच्या वेगवेगळ्या धोक्यापेक्षा कितीतरी वर जातो. वीस वर्षं निमूट बसलेला पाहुणा त्या दिवशी घराची भिंत पाडतो.

अशीच एक भिंत पडली ती एका वरच्या चौकीवर. संध्याकाळी फोनवर तिथला नर्सिंग असिस्टंट म्हणाला, ‘सर, लान्स नायक उभा राहिला की पडतोय. हवेचा त्रास असेल.’ उंचीवर चक्कर म्हटलं की डोकं आधी फुप्फुसाकडे आणि मेंदूकडे जातं, आणि ते बरोबरच आहे. पण नाडी फार जलद आणि छातीत काही नाही, असं तो सांगत होता. मी त्याला शौचाचा रंग विचारायला लावला. बराच वेळ पलीकडे कुजबुज चालली. मग उत्तर आलं: काळी, डांबरासारखी, तीन दिवसांपासून. तीन दिवस त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. पुढच्या महिन्यात त्याचा प्रमोशन काडर होता.

रात्री हेलिकॉप्टर येत नाही. सलाईनच्या बाटल्या गोठू नयेत म्हणून चौकीवरची मुलं त्या आपल्या स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपतात, हा तिथला नेहमीचाच रिवाज आहे. त्या रात्री त्या उबदार बाटल्या कामी आल्या. रॅनिटिडीनची इंजेक्शनं होती तीही दिली. फोनवरून दर तासाला नाडी आणि रक्तदाब. पहाटे ढग उघडले, चीता हेलिकॉप्टर आलं आणि त्याला खाली नेलं. खालच्या रुग्णालयात रक्त चढवलं, दुर्बिणीत व्रण दिसला, जेली गुलाबी झाली. त्याच्या सामानात डायक्लोफेनॅकच्या रिकाम्या पट्ट्या सापडल्या. पाठीसाठी घेत होतो म्हणाला. वर चढताना दोघांचं ओझं त्याने एकट्याने उचललं होतं, ही गोष्ट त्याने नाही, त्याच्या सोबत्याने सांगितली.

तीन दिवस गप्प का बसला? उत्तर सोपं आहे. फौजेत माणसाची तब्येत ‘शेप’ नावाच्या श्रेणीत मोजतात. सगळं ठीक असलेला तो शेप-वन. एखादा आजार नोंदला गेला की श्रेणी खाली येते, माणूस ‘लो मेडिकल’ होतो. मग कोर्स अडतो, बढती अडते, परदेशातल्या शांतिसेनेची संधी जाते. अल्सर पूर्ण बरा होऊन श्रेणी परत वर येऊ शकते, पण मधले महिने कोणी परत देत नाही. म्हणून शेप-वन जवानाचं पोट हे कागदावर नेहमीच ठणठणीत असतं. या विषयावरच्या प्रश्नावल्यांमध्ये सिगारेट ओढता का, हात धुता का, घरात माणसं किती, असं सगळं विचारतात. दुखलं तर कोणाला सांगता, हे विचारणारी प्रश्नावली माझ्या हाती कधी आली नाही. मला तर तोच सगळ्यात मोठा धोका वाटतो.

पुढे मेडिकल बोर्डांवर बसायची वेळ आली तेव्हा हाच प्रश्न दुसऱ्या वेषात समोर आला. बोर्डाच्या कागदात विचारलेलं असतं: हा आजार सेवेत येण्यापूर्वी होता का? सेवेमुळे उद्भवला का? सेवेमुळे वाढला का? या उत्तरांवर अपंगत्व निवृत्तिवेतन ठरतं, म्हणजे एका घराची पुढची वीस-तीस वर्षं. जुन्या समजुतीप्रमाणे अल्सर ताणाने होतो, आणि सीमेवर ताण आहेच, म्हणून उत्तर जवानाच्या बाजूने जायचं. जंतूचा शोध लागल्यावर काही जणांच्या हाती आयतं हत्यार आलं. जंतू बालपणीचा, म्हणजे आजार घरचा, फौजेचा संबंध नाही. एका बोर्डावर माझ्या वरिष्ठांनी हे अगदी शास्त्रीय थाटात मांडलं. मी त्यांना म्हणालो, जंतू त्याच्या आईने दिला असेल, पण पाठीवरचं ओझं आणि त्या ओझ्यासाठीची गोळी कोणी दिली? पाचव्या वर्षी लागलेला संसर्ग तिसाव्या वर्षी रक्त ओकतो, त्यात नोकरीच्या मधल्या बारा वर्षांचं काहीच नाही असं म्हणायचं का? मी ‘सेवेमुळे वाढला’ असं लिहायचो आणि खाली कारणं लिहायचो: कुठली चौकी, कुठलं पाणी, किती महिने, कुठली वेदनाशामकं. काही वेळा ते मान्य झालं, काही वेळा नाही. नुसत्या ‘ताण’ या शब्दापेक्षा ती कारणं जास्त टिकायची एवढं खरं.

उपचाराबद्दल फार लिहीत नाही, त्यात नाट्य कमी आणि चिकाटी जास्त. आम्ल कमी करणारी एक गोळी आणि दोन प्रतिजैविकं, चौदा दिवस. क्लॅरिथ्रोमायसिनने तोंड कडू होतं, म्हणून चौथ्या दिवशी जवान गोळ्या उशीखाली सरकवतो. मेट्रोनिडाझोल असलं तर त्यावर रम चालत नाही, हे ऐकून बडाखान्याच्या आठवड्यात तर हमखास कोणीतरी ‘साहेब, सोमवारपासून सुरू करतो,’ म्हणायचा. त्यात मेट्रोनिडाझोलचा असर आपल्याकडे अनेक जंतूंवर उरलेलाच नाही, आणि त्यात आमचाही हातभार आहे. फौजेत जुलाब झाले की ही गोळी चण्या-फुटाण्यासारखी खाल्ली जाते. जुलाब थांबतात किंवा आपोआप थांबणारच असतात, पण जठरातला जंतू तेवढ्यात त्या औषधाची ओळख करून घेतो. मग बिस्मथ घालून चार औषधांचा बेत करावा लागतो. आणि उपचार संपल्यावर जंतू गेला का, हे पुन्हा तपासायला हवं. ते तपासायला येणारा जवान दुर्मीळ. दुखायचं थांबलेलं असतं, पलटण हललेली असते.

आता मी माजी सैनिकांच्या ईसीएचएस पॉलिक्लिनिकमध्ये बसतो. तिथे मागच्या हिवाळ्यात एक निवृत्त हवालदार आपल्या मुलाला घेऊन आला. मुलगा अग्निवीर भरतीची तयारी करतोय, गावाजवळच्या अकॅडमीत जातो. हवालदाराला स्वतःला नोकरीत अल्सर होऊन गेलेला, त्यामुळे त्याला सगळं माहीत. ‘साहेब, ह्याचा तो जंतू भरतीआधीच तपासून मारून टाका. माझ्यागत नको.’

बापाचं म्हणणं चुकीचं नव्हतं, पण मी तसं केलं नाही. भरतीच्या वैद्यकीय तपासणीत हा जंतू पाहतच नाहीत, आणि पाहायचा ठरवला तर आपल्या भागातल्या निम्म्याहून अधिक पोरांना परत पाठवावं लागेल. काहीही त्रास नसलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला चौदा दिवस प्रतिजैविकं देऊन त्याच घरी, त्याच माठाशी परत पाठवायचं, हे मला पटत नाही. घराण्यात कोणाला जठराचा कर्करोग आहे का, हे विचारलं. असता तर वेगळा विचार केला असता. नव्हता. मग मुलाला विचारलं, पळताना काय दुखतं? नडगी, म्हणाला. सोळाशे मीटरची वेळ काही केल्या खाली येत नव्हती. आणि त्यावर काय घेतोस? त्याने बापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि ट्रॅक पँटच्या खिशातून गोळ्यांची पट्टी काढून टेबलावर ठेवली. अकॅडमीतले सर देतात, सगळेच घेतात, पळायच्या आधी, सकाळी.

‘रिकाम्या पोटी?’

‘खाऊन पळता येत नाही ना, सर.’

हवालदार माझ्याआधी त्याच्यावर ओरडला. मी त्याला थांबवलं आणि त्याच्या स्वतःच्या गोळ्या पाहायला मागितल्या. निवृत्त झाल्यापासून तो रोज सकाळी पँटोप्राझोल घेतो, कोणी सांगितलं नाही तरी. जंतू गेला की नाही याची तपासणी नोकरीत कधीच झालेली नाही. तेव्हा पोरापेक्षा आधी बापाची चाचणी करायला हवी होती, आणि त्यासाठी ती गोळी दोन आठवडे बंद करायला हवी, नाहीतर जंतू असूनही चाचणीत लपून बसतो. दोन आठवडे ऐकून त्याचा चेहरा उतरला. ऊस तुटून गेला की येतो, म्हणाला. मी त्याच्या वहीत तारीख घातली. मुलाच्या कागदावर वेदनाशामक बंद, नडगीला बर्फ आणि तीन आठवडे पळणं बंद असं लिहिलं. त्यावर मात्र बापलेक दोघांनीही एकदमच हरकत घेतली.